ताशी दीडशे रुपयांचा तास किती मिनिटांचा असतो?

पुण्यात छोटा धंदा करणाऱ्या आणि फोन घ्यायला, व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरं द्यायला, हिशेबाच्या शीट भरायला घरून काम करणारा ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ शोधणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगासमोर आहे आणि वकिलांनी तशी सक्त ताकीद दिली आहे. पद्धत नीट कळली तर नावावाचून कुणाचं अडणार नाही.

आमचा धंदा रुग्णांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देण्याचा. फाउलर कॉट, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. वारज्यात गोडाऊन, एक टेम्पो, चढवायला-उतरवायला दोन मुलं, बाकी मी आणि माझे दीर. डिस्चार्ज मिळणार हे लोकांना दुपारी कळतं आणि संध्याकाळी घरात कॉट लागलेली हवी असते. आपण फोन उचलला नाही की माणूस लगेच पुढच्या नंबरला लावतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. त्यामुळे फोन सांभाळायला माणूस हवाच होता. गोडाऊनवर बसायला कुणी टिकत नव्हतं, म्हणून घरून काम करणारं माणूस चालेल असं ठरलं.

एका कंपनीची जाहिरात सतत समोर येत होती. ‘ताशी फक्त १५० रुपये. मराठी बोलणारी, पुण्याची माहिती असलेली, फक्त तुमच्यासाठी नेमलेली सहायक.’ फोनवरचा सेल्सवाला गोड बोलणारा. “मॅडम, तुम्ही फक्त डिलिव्हरीकडे बघा, बाकीचं डोकं आमचं.” पॅकेज महिन्याला ८० तासांचं, म्हणजे १२,००० रुपये. पैसे तीन महिन्यांचे आगाऊ, ३६,०००. त्यावर ‘ऑनबोर्डिंग’चे ५,०००. या ४१,००० वर १८ टक्के जीएसटी, ७,३८०. शिवाय परत मिळणारं डिपॉझिट १२,०००. एकूण ६०,३८० रुपये, काम सुरू व्हायच्या आधी. आमच्या धंद्यातही डिपॉझिट असतं, त्यामुळे त्या शब्दाने दचकायला झालं नाही. पण आम्ही डिपॉझिट घेतो ते कॉट लोकांच्या घरात राहते म्हणून. या कंपनीची कुठली वस्तू माझ्या घरात राहणार होती, हा प्रश्न दिरांनी तेव्हाच विचारला होता. उत्तर मिळालं, “कंपनी पॉलिसी आहे सर.”

पहिला आठवडा बरा गेला. एक मुलगी नेमून दिली होती, आवाज स्वच्छ, बोलणं नम्र. मग गोंधळ सुरू झाला. ज्यांनी पुण्यात डिलिव्हरीचं काम केलंय त्यांना हा प्रकार लगेच कळेल: वडगाव बुद्रुकच्या आजोबांची एअर मॅट्रेस तिने वडगाव शेरीला लावली. एक गाव सिंहगड रस्त्याला, दुसरं नगर रस्त्याला. टेम्पो अख्खं शहर ओलांडून गेला आणि तसाच परत आला. नंतर कोंढवे धावडेची व्हीलचेअर कोंढव्याला. कोंढवे धावडे आमच्या गोडाऊनपासून पाचदहा मिनिटांवर! पुण्याची माहिती असलेलं माणूस ‘वडगाव’ ऐकलं की आधी ‘कुठलं वडगाव?’ असं विचारतं. हिने विचारलं नाही, कारण ती पुण्यात कधी आलेलीच नव्हती. ते मला पुढे कळलं.

अशा चुका नव्या माणसाकडून होतात, त्यावर मी एवढं लिहिलं नसतं. पण वडगावची चूक दुरुस्त करायला मी तिला केलेला फोन टाइमशीटवर आला. ‘क्लायंट ब्रीफिंग, ३० मिनिटं.’ तिने शीटमधला पत्ता बदलला, त्याची ‘डेटा करेक्शन, १५ मिनिटं.’ मग कुणीतरी ते तपासलं म्हणून ‘क्वालिटी रिव्ह्यू, ३० मिनिटं.’ त्यांच्या चुकीचा सव्वा तास माझ्या खात्यातून गेला.

तेव्हा करारातली बारीक अक्षरं पुन्हा वाचायला घेतली. त्यात एक ओळ होती: प्रत्येक कामाची नोंद किमान १५ मिनिटांच्या पटीत होईल. दिसायला निरुपद्रवी. आता हिशेब करा. ‘कॉटचं महिन्याचं भाडं किती?’ या व्हॉट्सअ‍ॅप प्रश्नाला तयार उत्तर चिकटवायला दोन मिनिटं लागतात. त्याची नोंद १५ मिनिटं. दिवसाला असे वीस प्रश्न आले तर प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांचं आणि बिल पाच तासांचं. ८० तासांचं पॅकेज सोळा दिवसांत साफ. ताशी दीडशेचा दर कागदावर तसाच राहतो आणि हातात पडणारा तास आठ मिनिटांचा होतो. १५ मिनिटांची पट ही काही यांनीच काढलेली युक्ती नाही. वकील, सल्लागार, परदेशातले असिस्टंट पुरवणारे, बरेच जण अशा पटीत मोजतात आणि एकसलग मोठी कामं असतील तर त्यात फारसं बिघडत नाही. पण सुट्या सुट्या मेसेजांच्या कामाला ही पट लावणं म्हणजे पीठ चाळणीने मोजण्यासारखं आहे. आमचं काम मेसेजांचंच आहे, हे सेल्सवाल्याला पहिल्या फोनवर सांगितलेलं होतं.

महिना संपायच्या बराच आधी ८० तास संपले. ते कुणी कळवलं नाही. ‘आपली सेवा खंडित होऊ नये म्हणून’ काम पुढे चालू ठेवलं आणि वरचे तास ‘टॉप-अप’ दराने, म्हणजे ताशी २५० ने लावले. महिनाअखेरीच्या पत्रकात टॉप-अपचे तास निघाले ४८. ४८ गुणिले २५० म्हणजे १२,०००. डिपॉझिट तेवढंच. एवढ्या काटेकोरपणे संपणारं डिपॉझिट मी आमच्या धंद्यात आजवर पाहिलेलं नाही.

त्या रात्री दिरांनी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं असं आहे. आमची सगळी शीट गूगलवर होती. गूगल शीटमध्ये ‘आवृत्ती इतिहास’ असतो; कुणी, कधी, कुठल्या चौकोनात काय बदललं ते त्यात दिसतं. टाइमशीटवर एका रविवारी ‘शीट अद्ययावत करणे, साडेतीन तास’ अशी नोंद होती. आवृत्ती इतिहासात त्या रविवारी एकही बदल नव्हता. मग फोनची यादी घेतली. टाइमशीटवर ‘इनकमिंग कॉल हाताळणे’ लिहिलेल्या वेळात आमच्या नंबरवर मिस्ड कॉलची रांग. जुळणाऱ्या नोंदी होत्याच, नाही असं नाही. पण न जुळणाऱ्या इतक्या होत्या की खुणा करता करता पिवळं पेन वाळलं.

मी कंपनीला काही न बोलता त्या मुलीला फोन केला. आधी घाबरली, मग मोकळेपणाने बोलली. “ताई, टाइमशीट आम्ही भरतच नाही. ती अकाउंट मॅनेजर भरतात. मला तर माहीतपण नाही तुम्हाला किती तास लावले ते.” मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ती काम करत होती. ‘फक्त तुमच्यासाठी नेमलेली’ ही मुलगी माझ्यासकट सात गिऱ्हाइकं सांभाळत होती. पगार नऊ हजार ठरलेला, त्यातला दोन महिन्यांचा थकलेला. “पुण्याची माहिती आहे असं सांगायला लावलं होतं मला. वडगाव एकच असेल असं वाटलं ओ.” तिच्यावर माझा राग नाही. सात गिऱ्हाइकांचे बारा-बारा हजार धरले तर ८४,००० होतात आणि तिला नऊ हजार द्यायचे, तेही थकवून. यात लुटली गेलेली मी एकटी नव्हते.

खरं तर ताशी दीडशे या आकड्यातच हे सगळं दिसायला हवं. एजन्सीमार्फत माणूस घेतला की दरात त्या माणसाचा पगार, एजन्सीचा वाटा, देखरेख, सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस, इंटरनेट, सॉफ्टवेअर असं सगळं बसवावं लागतं. एजन्सीने निम्मे ठेवले तर माणसाला ७५ राहतात. दिवसाला आठ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २०८ तास, १५,६०० रुपये. आणि हे त्याचे सगळे तास विकले गेले तर. माझं पॅकेज ८० तासांचं होतं. उरलेल्या तासांना गिऱ्हाईक मिळालं नाही तर एजन्सी एक तर एकाच तासाला दोन-तीन गिऱ्हाइकांच्या नावावर लिहिणार किंवा त्या माणसाचा पगार कापणार. इथे दोन्ही चाललं होतं. एकच माणूस अनेकांना वाटून देणं यात मुळात गैर नाही. कित्येक एजन्सी ‘शेअर्ड’ असं स्पष्ट सांगून, कमी दरात देतात. ‘डेडिकेटेड’ म्हणून विकायचं आणि वाटून द्यायचं, ही चोरी.

घरून काम करणारी माणसं आणि गिऱ्हाइकं यांची गाठ घालून देणाऱ्या अपवर्क, फायव्हर अशा परदेशी वेबसाइटांवर, म्हणजे मंचांवर, ही मोजणी कशी होते ते नंतर समजून घेतलं. फिलिपिन्समधले, आपल्याकडचे पुष्कळ लोक अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची अशी कामं करतात. अपवर्कवर ताशी काम असेल तर त्यांचं ट्रॅकर अ‍ॅप साधारण दर दहा मिनिटांना कामाच्या स्क्रीनचं चित्र घेतं आणि ते गिऱ्हाइकाला बघता येतं. ठरावीक रकमेचं काम असेल तर पैसे मंचाकडे अडकवून ठेवले जातात, टप्पा मान्य केला की सुटतात. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापतं. जास्त आहे, पण ती कपात लिहून जाहीर केलेली आहे. दर दहा मिनिटांनी कुणाच्या स्क्रीनचा फोटो काढणं मला स्वतःला आवडत नाही, मी तसं करणारही नाही. तरी तिथे तासाला काही पुरावा असतो. आमच्याकडे तासाला पुरावा म्हणजे अकाउंट मॅनेजरचा शब्द.

आता जीएसटीची गंमत. पहिल्या बिलाचा जीएसटी आमच्या २बी पत्रकात आला नाही. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं की खरेदीदाराच्या २बी मध्ये तो कर दिसतो, आणि तिथे दिसल्याशिवाय त्याचं क्रेडिट घेता येत नाही. आमच्या कर सल्लागारांनी बिल हातात घेतलं आणि हसले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७. या बिलावरचा क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. पत्ता बाणेरचा. आणि कर लावलेला केंद्राचा सीजीएसटी ९ टक्के अधिक राज्याचा एसजीएसटी ९ टक्के. “दिल्लीच्या नोंदणीवरून पुण्यात सेवा दिली तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो. दोन भाग करायचे तर देणारा आणि घेणारा एकाच राज्यात हवा. हे बिल एकाच वेळी दोन राज्यांत बसलंय, वहिनी.” जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तिथे तो क्रमांक टाकला. नाव भलत्याच व्यवसायाचं आणि नोंदणी रद्द झालेली. म्हणजे ७,३८० रुपये कर म्हणून घेतले आणि सरळ खिशात घातले. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करताच येत नाही. लहान एजन्सीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तिला नोंदणी सक्तीची नसते, आणि तसं असेल तर बिलात कर नसतो, तेही ठीक. पण कर लावलाय म्हटल्यावर क्रमांक तपासायला दोन मिनिटं पुरतात.

बाणेरच्या पत्त्यावरही जाऊन आले. को-वर्किंगची चकचकीत जागा. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की या नावाची फक्त टपाल येते, बसायला इथे कुणी नाही. अशा जागा ‘व्हर्च्युअल ऑफिस’ म्हणून पत्ता भाड्याने देतात, त्यात बेकायदा काही नाही. आम्ही कॉट भाड्याने देतो, ते पत्ता देतात.

करार थांबवत असल्याचं मी ईमेलने कळवलं. दुसऱ्या दिवशी बँकेचा मेसेज: उद्या तुमच्या खात्यातून १४,१६० रुपये वजा होणार आहेत. डिपॉझिट भरताना ‘नूतनीकरणाच्या सोयीसाठी’ म्हणून यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतलेली होती, कमाल मर्यादा १५,००० ठेवून. १२,००० आणि त्यावर १८ टक्के म्हणजे १४,१६०. मर्यादा १५,००० च का, तेही आता कळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एरवीच्या नियमित कपातींना त्या रकमेपर्यंत प्रत्येक वेळी वेगळा पिन लागत नाही. पण त्याच नियमांनी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे, आणि तीच माझ्या उपयोगी पडली. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा भाग असतो. तिथे जाऊन परवानगी रद्द केली. त्यासाठी कंपनीची संमती लागत नाही. सेल्सवाला म्हणत होता लागते.

पुढचा डाव आमच्या गूगल नोंदीचा. नकाशावर दिसणारी आमच्या धंद्याची माहिती सांभाळायला त्यांना सुरुवातीलाच ‘ओनर’ करून हवं होतं. माझ्या भाच्याने तेव्हा ठाम नकार देऊन फक्त ‘मॅनेजर’ केलं होतं. मॅनेजरला फोन नंबर बदलता येतो, पण इतरांना काढता-घालता येत नाही. झालं तसंच: करार थांबवल्यावर नोंदीवरचा नंबर बदलला गेला आणि ‘हँडओव्हर फी’ भरा असा मेल आला. भाच्याने त्यांना काढलं आणि नंबर परत घातला. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्येही त्यांचे दोन संगणक जोडलेले होते, तेही तोडले. आधीच मालकी दिली असती तर आमचाच नंबर मागायला आम्ही त्यांच्या दारात उभे असतो. ईमेलसाठीही पासवर्ड देऊ नये; जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला प्रवेश देण्याची सोय आहे.

याच सुमारास आमच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना ‘भाड्याची आगाऊ रक्कम या नवीन यूपीआयवर भरा’ असे मेसेज आले. एकाने भरले. कुणी पाठवले ते सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी कुणाकडे बोट दाखवत नाही. त्यांना मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला. अशा वेळी जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या पुढच्या खात्यांत जाते. सगळ्या गिऱ्हाइकांना आम्ही स्वतः मेसेज केला की आमचा यूपीआय बदललेला नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं, “ही दिवाणी बाब आहे.” सेवा वाईट मिळाली एवढंच असेल तर ते बरोबरही आहे. पण रद्द झालेल्या जीएसटी क्रमांकावर कर घेणं आणि न झालेल्या कामाच्या नोंदी करणं, हे कागद पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. आपल्या तोंडात अजून चारशेवीस बसलेलं आहे, पण १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

ग्राहक आयोगात अडथळा वेगळा. कंपनीचा बचाव असा की सेवा व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून मी ‘ग्राहक’च नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा अपवाद आहे. पण स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तू त्या अपवादातून वगळलेल्या आहेत, आणि सेवेलाही तेच लागू व्हावं या मुद्द्यावर आमचे वकील उभे आहेत. निकाल व्हायचा आहे. हे सांगते अशासाठी की ‘धंद्यासाठी घेतलं ना, मग ग्राहक कोर्ट विसरा’ असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दिल्लीची निघाली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी तक्रार नोंदवली होती. तिथून कंपनीला विचारणा गेली आणि तेव्हाच त्यांनी पहिल्यांदा लेखी उत्तर दिलं. ‘सर्व तास वापरले गेले आहेत.’ तेच उत्तर आता आमचा पुरावा आहे, आवृत्ती इतिहासाच्या शेजारी लावलेला.

सध्या सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एक बाई सकाळी दहा ते दोन घरून फोन घेतात. महिन्याचे ठरलेले १४,००० रुपये, तास मोजायचे नाहीत, महिना संपल्यावर पैसे. दोननंतर फोन दीर घेतात. जाहिरातीपेक्षा महाग दिसतं, आहेही. पण वडगाव म्हटल्यावर त्या विचारतात, बुद्रुक की शेरी.

एजन्सीकडूनच घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या: मोजणीची किमान पट किती, टाइमशीट कोण भरतं, त्यांच्या चुकीच्या दुरुस्तीचे तास कुणाचे, ठरलेले तास संपले की काम थांबणार की चालू राहणार, न वापरलेले तास पुढे जातात की बुडतात, आणि याच माणसाकडे आणखी किती गिऱ्हाइकं आहेत. फोनवर मिळालेली उत्तरं धरू नका. सुरुवात एका महिन्याने करा, तीन महिन्यांचे आगाऊ देऊ नका.

आणि जे कुणी आत्ता अशा करारात असतील त्यांनी थांबवण्याचा ईमेल पाठवण्याच्या आधी कंपनीच्या पोर्टलवरच्या सगळ्या टाइमशीट तारखेसकट उतरवून घ्याव्यात, स्क्रीनशॉट आणि प्रिंट दोन्ही. माझं लॉगिन ईमेल पाठवल्यावर तासाभरात बंद झालं. दिरांनी आदल्या रात्री छापून ठेवलेले कागद होते, म्हणून आयोगासमोर ठेवायला काहीतरी निघालं.